जिमच्या दारातून परत फिरू नका

पालघर जिल्ह्याचे नाव बाहेरच्या वर्तमानपत्रांत येते ते बहुधा कुपोषणाच्या बातमीत. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून जव्हार-मोखाड्याचे नाव त्या एका दुःखाशी जोडले गेलेले आहे. अशा जिल्ह्यात राहून लठ्ठपणावर लिहायचे म्हणजे काही वाचकांना थट्टा वाटेल. तसे वाटणेच मुळात या लेखाचे कारण आहे.

गंजाडहून डहाणूकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहून पाहावे. एके काळी वाडीवर, शेतावर, बाजाराला पायी जाणारी माणसे आता मोटारसायकलवर किंवा रिक्षात बसलेली दिसतात. कोणी बोईसरच्या कारखान्यात आठ तास एका जागी बसतो, कोणी दुकानाच्या गल्ल्यावर. २०१३ साली डहाणू रोडपर्यंत लोकल आली, तेव्हापासून मुंबईच्या बाजूला नोकरीला जाऊन येणारेही वाढले. त्यांचे दिवसाचे कित्येक तास डब्यात आणि तेवढेच खुर्चीत जातात. घरी येईपर्यंत भूक कडकडून लागलेली, आणि वाटेत वडापाव तर हात जोडून उभाच असतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रौढ स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के जणांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. म्हणजे साधारण चार माणसांत एक. त्यामुळे एकाच आळीत एक मूल हडकुळे आणि त्याचा काका शंभर किलोचा, हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही.

पण या काकाची पंचाईत पाहा. आजूबाजूला बारीक, काटक माणसे. लग्नात, बारशात, गाडीत जागा देताना त्याच्याच वजनावर विनोद. "खातोस काय रे बाबा?" हा प्रश्न त्याला लहानपणापासून पाठ झालेला. डॉक्टरांकडे जावे तर गुडघा दुखतो म्हणून गेलेल्याला "आधी वजन कमी करा" एवढेच ऐकवून पुढच्या रुग्णाला हाक मारली जाते. कमी करायचे कसे, हे कोणी सांगत नाही. शेवटी एक दिवस तो मनाचा हिय्या करून जिमच्या दाराशी जातो. आता डहाणू, बोईसर, पालघर अशा गावांत जिम निघाल्या आहेत. दार उघडे असते. आत भिंतभर आरसे, कानठळ्या बसवणारे गाणे आणि बंडी घातलेले, दंड फुगवणारे विशीतले तरुण. तो क्षणभर पाहतो आणि "फीची चौकशी करायला आलो होतो, उद्या येतो" असे सांगून निघून जातो. तो उद्या मग सहा महिने येत नाही.

हा लेख त्या माणसासाठी आहे. आणि अर्थात त्या बाईसाठीही, जी दारापर्यंतसुद्धा गेलेली नाही.

या माणसाची सर्वांत मोठी समजूत अशी असते, की मी आत पाऊल टाकले की सगळे माझ्याकडेच पाहणार. या समजुतीची परीक्षा शास्त्रज्ञांनी घेतलेली आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना एका गायकाचे मोठे चित्र असलेला, त्यांना घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावला आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. नंतर विचारले, किती जणांच्या लक्षात आले असेल? त्यांचा अंदाज निघाला, साधारण निम्म्यांच्या. प्रत्यक्षात ते चित्र लक्षात आले होते जेमतेम पाव जणांच्या. स्वतःची लाज आपल्याला दुप्पट मोठी दिसते, असा याचा अर्थ. जिममध्ये तर आणखीच. तिथला तरुण आरशात पाहत असतो तो स्वतःकडे. त्याला स्वतःच्या दंडाचीच इतकी काळजी असते, की दुसऱ्याच्या पोटाकडे पाहायला सवड नसते!

मात्र कोणीच कधी हसत नाही, असे सांगणे खोटेपणाचे होईल. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका नामवंत व्यक्तीने एका लठ्ठ पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकून मुंबई पोलिसांच्या बंदोबस्तावर कोटी केली. मुंबई पोलिसांनी लगेच उत्तर दिले, की हा गणवेश आमचा नव्हे. ते अधिकारी मध्य प्रदेशचे होते, वजन सुमारे १८० किलो, आणि ते आजारपणामुळे वाढले असे त्यांनी स्वतः सांगितले. पुढे मुंबईतच त्यांच्यावर वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झाली. शेवट बरा झाला हे खरे. पण हसणाऱ्या हजारो लोकांपैकी एकाच्याही मनात आले नाही, की हा माणूस आजारी असू शकेल. थट्टेने माणूस बारीक होतो असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. अभ्यासांत उलटेच आढळले आहे. वजनावरून हिणवली गेलेली माणसे व्यायामाची जागाच टाळू लागतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि मित्रांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आपल्याकडच्या जुन्या तालमीची या बाबतीत आठवण येते. तालमीत आरसा नसे. हळद, तेल, ताक घालून मळलेली लाल माती, कोपऱ्यात मारुती आणि दाराशी वस्ताद. नवा मुलगा आला, की वस्ताद त्याला आधी माती उकरायला लावत आणि मग चार जोर, चार बैठका. पहिल्याच दिवशी कोणाला कुस्तीला उभे करत नसत. नवख्याची पायरी ठरलेली असे आणि ती पायरी सर्वांनी चढलेली असल्यामुळे त्यात कमीपणा नव्हता. आजच्या जिममध्ये यंत्रे उत्तम आहेत, पण हा वस्ताद अनेक ठिकाणी हरवला आहे. म्हणून जिम निवडताना यंत्रे मोजू नयेत, शिकवणारा माणूस पाहावा, असे आमचे मत आहे.

ज्यांना चारचौघांत सुरुवात करणे अगदीच जड जाते, त्यांनी औंधच्या राजांचे उदाहरण पाहावे. सातारा भागातील औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) हे सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांची सुरुवात सूर्यनमस्कारांनी झालेली नाही. त्या काळी युजेन सँडो या युरोपीय पहिलवानाचे नाव जगभर गाजत होते. १८९७ मध्ये भवानरावांनी सँडोची साधने आणि पुस्तके मागवली आणि दहा वर्षे त्याप्रमाणे नेमाने व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आपल्या संस्थानातील शाळांतही ते सुरू केले. म्हणजे एका राजानेही पुस्तक समोर ठेवून आरंभ केला, दहा वर्षांनी पद्धत बदलली, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. घरात महिनाभर थोडी तयारी करून मग जिममध्ये जाणे हाही एक मार्गच आहे.

गंजाडचा विषय निघाला म्हणून एक गंमत. वारली चित्रकलेला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे याच गंजाडचे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि मे २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रातले माणसाचे अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. त्यामुळे त्या चित्रातल्या प्रत्येकाची कंबर एका ठिपक्याएवढी! कोणी लठ्ठ नाही. पण तारपा नाचाच्या चित्रात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. नाचणाऱ्यांची साखळी तारपा वाजवणाऱ्याभोवती वळत जाते आणि सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे असते. प्रत्यक्षातही साखळीत शिरलेल्याला आपण कसे दिसतो हे पाहायला फुरसत मिळत नाही, पावलाला पाऊल जुळवावे लागते.

आता मुख्य मुद्दा. लठ्ठ माणसाला वाटते, की आधी थोडे वजन उतरवू आणि मग जिमला जाऊ, म्हणजे लाज वाटणार नाही. हे आजारी माणसाने बरे झाल्यावर दवाखान्यात जाईन म्हणण्यासारखे आहे. आणि दुसरी गोष्ट, व्यायामाचा फायदा वजन उतरण्याच्या आधीच सुरू होतो. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार सुधारला आणि नियमित चालणे-फिरणे ठेवले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे तीन वर्षांत २८ टक्क्यांहून अधिक घटले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरलेले नव्हते. काटा जागचा हलला नाही, पण रोग लांबला. असे होते, कारण काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, मग त्यावर चरबीचा थर असो वा नसो.

याची दुसरी बाजूही आपल्या महाराष्ट्रातच दिसली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, दोघांचा निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के निघाली. आपण भारतीय वरून बारीक दिसलो तरी आतून चरबीचे असू शकतो. म्हणूनच आपल्यासाठी मापे कडक ठेवलेली आहेत. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर याच्या वर गेली, की सावध व्हावे. तेव्हा जिममध्ये जो सडपातळ तरुण पाहून आपण दबकतो, त्याची साखर आपल्यापेक्षा बरी असेलच असे नाही!

पहिला महिना

जाण्यापूर्वी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. तीस वर्षांवरील व्यक्तींची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत केली जाते. ज्यांना जिना चढताना छातीत दडपण येते, चक्कर येते, ज्यांना हृदयविकार आहे किंवा घरात कोणी तरुणपणी हृदयविकाराने गेले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी.

पहिल्या फेरीला व्यायाम करायलाच जाऊ नये, पाहायला जावे. गर्दी सकाळी आणि संध्याकाळी असते, दुपारच्या सुमारास बहुतेक जिम ओस असतात. त्या वेळी शिकवणाऱ्याशी बोलावे. "माझे वजन इतके आहे, मी कधी व्यायाम केलेला नाही, गुडघा दुखतो" असे सरळ सांगावे. हे वाक्य घरी दोनदा म्हणून पाहिले तरी चालेल. त्याचे उत्तर ऐकताना पारख होते. जो आधी आपल्या तब्येतीची चौकशी करतो तो कामाचा. जो लगेच पावडरचा डबा दाखवतो किंवा महिन्यात पंधरा किलोची हमी देतो, त्याला नमस्कार करून बाहेर पडावे. तिथे आणखी एक गोष्ट विचारायला संकोच करू नये. प्रत्येक यंत्र किती किलोपर्यंतच्या माणसाला चालते, हे ठरलेले असते आणि बहुधा त्यावर लिहिलेले असते. ते आधीच कळले, की यंत्र मोडेल ही मनातली धास्ती जाते.

कपडे सैल, सुती आणि पूर्ण लांबीचे असावेत. मांड्या एकमेकींना घासून सोलवटणे हा लठ्ठ माणसाचा नेहमीचा त्रास, पण कोणी त्याबद्दल बोलत नाही. चार दिवसांत जिम सुटते ती कित्येकदा याच कारणाने. आतून गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी घालावी आणि मांड्यांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे. पायात चप्पल नको, बूट हवेत. बायकांनी सलवार-कमीज घालून व्यायाम करण्यात काहीच गैर नाही, फक्त ओढणी बाजूला काढून ठेवावी. चालत्या पट्ट्यात किंवा सायकलीच्या चाकात ती अडकली तर जिवावर बेतते. अनेक ठिकाणी बायकांची वेळ वेगळी असते, त्याची चौकशी करावी. नसेल तर तीन-चार जणींनी मिळून मागणी केल्यास मालक सहसा नाही म्हणत नाही, कारण दुपारी त्याची जिम रिकामीच असते. शेजारीण, जाऊ, मैत्रीण कोणीतरी सोबतीला घ्यावी. बाईला अडवणारी गोष्ट पुष्कळदा तिचे वजन नसते, घरच्यांच्या चहाची वेळ असते. ती वेळ घरातल्या दुसऱ्या कोणीतरी सांभाळावी.

सुरुवातीचे दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. चालत्या पट्ट्यावर सपाट आणि सावकाश चालावे किंवा पाठ टेकायची सायकल चालवावी. पळू नये. एक किलो वजन कमी झाले, की पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका होतो असे दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसांवरील अभ्यासात आढळले आहे. याचा उलटा हिशेब केला, की जड माणसाने पहिल्याच दिवशी धावणे किती महागात पडेल ते समजते. वेग किती ठेवावा यासाठी घड्याळ नको. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढी धाप लागली की वेग बरोबर. बोलताही येईना, तर कमी करावा.

त्याबरोबर हलके वजन उचलण्याचे दोन-तीन प्रकार जरूर शिकावेत. यात गंमत अशी, की जड माणसाचे पायाचे स्नायू मुळात दणकट असतात. वर्षानुवर्षे ते जास्तीचा भार वाहत आलेले असतात. पायाने ढकलण्याच्या यंत्रावर असा माणूस पुष्कळदा शेजारच्या काडीपहिलवानाला मागे टाकतो आणि पहिल्यांदाच त्याला आपल्या शरीराचा अभिमान वाटतो. वजन उचलताना श्वास कोंडू नये, रक्तदाब चढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबते, ते साहजिक आहे. मात्र छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा.

हळूहळू आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले किमान माप तेवढेच आहे, त्याशिवाय आठवड्यात दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. गंजाडहून डहाणूला रोज जाणे-येणे परवडत नसेल, तर जिमचे दोन दिवस आणि बाकीचे दिवस गावच्या रस्त्याने पहाटे चालणे, असे वाटून घ्यावे. जिथे ग्रामपंचायतीने मोकळ्या जागेत व्यायामाची साधने बसवली आहेत, तिथे तीही वापरावीत.

आहारावर स्वतंत्र लेखच हवा, म्हणून येथे थोडेच. आमच्या भागात चिकू सोडा असे सांगणे म्हणजे कोळ्याला मासळी सोडायला सांगण्यासारखे. एखादा चिकू खावा, परडी पुढे घेऊन बसू नये. ताडी झाडाची असली तरी हिशेबात धरावीच लागते. भात निम्मा करून त्या जागी डाळ, भाजी, अंडी, मासळी वाढवावी. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडेही आली आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत, आणि ती घेतली तरी स्नायू टिकवायला व्यायाम लागतोच.

काट्यावर रोज उभे राहू नये, आठवड्यातून एकदा पुरे. त्याऐवजी एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: कंबरेचे माप, हात न टेकता खुर्चीतून सलग किती वेळा उठता आले, आणि घरच्या पायऱ्या चढून धाप किती लागली. वजनाच्या आधी या तिन्हींत फरक दिसतो. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरले तरी उत्तम. शंभर किलोच्या माणसाचे सात किलो कमी झाले, तरी रक्तदाब, साखर आणि गुडघा तिघेही ते ओळखतात.

आणि फी पहिल्यांदा एका महिन्याचीच भरावी. वर्षाची एकदम भरल्यास सवलत देतो असे मालक सांगेल, ते मोहात पाडणारे असते. पण तीन आठवड्यांनंतर बहुतेकांचा उत्साह ओसरतो, कोठे लग्न निघते, कोठे भातलावणी. मध्ये दहा दिवस खंड पडला, तर अकराव्या दिवशी पुन्हा दुपारच्या वेळी जावे आणि जिथे सोडले होते त्याच्या निम्म्यापासून सुरू करावे. शिकवणाऱ्याला कारण सांगत बसण्याची गरज नाही, त्याने असे पुष्कळ पाहिलेले असतात.